रॅमवरचा स्टिकर ३२०० चा, आतला माल २४०० चा

असेंबल केलेला पीसी वरचेवर निळी स्क्रीन दाखवून बंद पडत असेल आणि दुकानदार दर वेळी एखादा नवा पार्ट गळ्यात मारत असेल, तर हे वाचून घ्या.

आमचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं काम आहे. लग्नसराईच्या तोंडावर शहरातल्या एका दुकानातून मशीन बांधून घेतलं. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० प्रोसेसर, बी६६० बोर्ड, आणि "हीटसिंकवाली ३२०० ची गेमिंग रॅम, आठ-आठच्या दोन स्टिक, मॅडम, कोरल नुसतं पळेल!" (३२०० म्हणजे रॅमचा वेग, कोरल म्हणजे आमचा डिझाइनचा प्रोग्रॅम.) पळालं खरं. मग पडायला लागलं.

स्क्रीनवर कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. एकाच प्रोग्रॅममध्ये, एकच संदेश देऊन पडत असतं तर त्या प्रोग्रॅमवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर संशय घेता आला असता. इथे दर वेळी संदेश वेगळा आणि प्रोग्रॅमही वेगळा. असं होत असेल तर आधी रॅम तपासायची, हे आता कळलंय. पण निळ्या स्क्रीनपेक्षा जास्त छळलं ते फायलींनी. रात्री सेव्ह केलेली पत्रिका सकाळी उघडेना. गिऱ्हाइकाने पाठवलेली झिप फाइल उलगडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला डेटा बिघडल्याची सूचना, तीच फाइल मोबाइलवर व्यवस्थित. रॅम डळमळीत असली की डेटा डिस्कवर पोचण्याआधीच बिघडतो, आणि विंडोज सेव्ह झालं म्हणून सांगून मोकळं होतं.

दुकानदाराने आधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलायला लावला. मग 'बोर्ड रिपेअर'चे पैसे घेतले. मग विंडोज नव्याने टाकून वर अँटिव्हायरस विकला. एवढ्यावरही थांबेना तेव्हा म्हणाला, "ताई, इंटेलचे प्रोसेसरच सध्या क्रॅश होतायत, बातम्या वाचत नाही का?" बातमी खरी होती, लावली चुकीच्या ठिकाणी. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलेला व्होल्टेजचा दोष तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा. त्यांच्यासाठी मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, अपडेट आले, वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली गेली. १२४०० बाराव्या पिढीचा, त्याचा त्यात काहीच संबंध नाही. अर्धी खरी बातमी हाताशी असलेला दुकानदार फार महागात पडतो.

भाचा सुट्टीला आला होता, तो डिप्लोमाला आहे. त्याने मशीन बंद केलं, प्लग काढला, बोर्डवरचा तो गोल सीआर२०३२ सेल काढून थोड्या वेळाने परत बसवला. बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर आल्या. त्यानंतर मशीन पडायचं बंद. एक पैसा खर्च नाही. मी त्यावर समाधान मानलं असतं, पण त्याला चैन पडेना. "मावशी, विंडोजचा टास्क मॅनेजर बघ, त्यात रॅमचा वेग दिसतो. ३२०० होतं ना? आता २४०० दाखवतंय."

त्याने सीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम टाकला. त्यात एसपीडी नावाच्या टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली स्टिक स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. एक स्टिक २४०० ची, दुसरी २६६६ ची. बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, बनवल्याची सालं २०१८ आणि २०१९. बाहेर मात्र दोन्हींवर एकसारखी लाल हीटसिंक आणि एकसारखा चकचकीत ३२०० चा स्टिकर. नख लावलं तर स्टिकरचा कोपरा उचलला गेला, खाली जुन्या गोंदाची काळी रेघ.

पुढच्या खेपेला दुकानाचा माणूस 'सर्व्हिस'ला येऊन गेला आणि मशीन पुन्हा पडायला लागलं. या वेळी आम्ही थेट बायोस उघडलं. रॅमचा वेग हाताने ३२०० वर लावलेला, डीरॅम व्होल्टेज १.४५०. डीडीआर४ चं ठरलेलं व्होल्टेज १.२, आणि ३२०० च्या चांगल्या जोड्याही सहसा १.३५ वर चालतात. गेमिंग रॅमच्या आत तिचा वेग, टायमिंग आणि व्होल्टेज लिहिलेलं एक्सएमपी प्रोफाइल असतं, आमच्या स्टिकमध्ये ते नव्हतंच. म्हणजे जुन्या रॅमला जास्तीचं व्होल्टेज देऊन ३२०० वर दामटायचं, टास्क मॅनेजरमध्ये गिऱ्हाइकाला ३२०० दिसलं की झालं. ती धापा टाकायला लागली की दुरुस्तीचं बिल पुन्हा त्यांनाच!

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवला. दुकानवाल्यांच्या सेटिंगवर काही मिनिटांत लाल ओळींची रांग लागली. २४०० आणि १.२ वर रात्रभर चालवलं, एरर शून्य. दोन्हींचे फोटो काढून ठेवले. दुकानदाराला दाखवले तर म्हणाला, "ओव्हरक्लॉकिंग करून दिलंय मॅडम, त्याचे कुणी वेगळे पैसे घेतं, आम्ही फ्री दिलं."

एक मात्र सांगते, एक्सएमपी चालू केल्यावर पडणारं प्रत्येक मशीन म्हणजे फसवणूक नव्हे. चार स्टिक भरल्या, वेगवेगळ्या जोड्या मिसळल्या, तर अस्सल रॅमसुद्धा तो वेग झेपत नाही म्हणते. म्हणून आधी एक्सएमपी बंद करून बघायचं आणि मगच भांडायला जायचं. आणि नवं मशीन घेताना काउंटरवरच सीपीयू-झेड उघडायला लावा. दोन्ही स्टिकचा पार्ट नंबर स्टिकरशी आणि एकमेकींशी जुळतो का बघा, आणि पार्ट नंबर व सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'रॅम १६ जीबी' आहे, आणि दुकानदार आता त्याच्यावरच अडून बसलाय. एसपीडीतली माहितीही खोटी लिहिता येते, त्यामुळे बिल देण्याआधी मेमटेस्टची निदान एक फेरी पूर्ण करू द्या. कुरकुर करणाऱ्या दुकानातून उठून या.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर रॅमचे पैसे परत करायला तो तयार झाला. एसएमपीएस आणि 'बोर्ड रिपेअर'च्या पैशांचं नाव काढत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलंय, खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. रोज फोन येतो, "ताई, त्या दोन स्टिक आधी दुकानात जमा करा, मग हिशोब करू." पुरावा म्हणून आमच्याकडे त्याच तर आहेत. फोटो काढून, पाकिटात घालून, वर सही करून कपाटात ठेवल्यात. आयोगासमोर मांडेपर्यंत त्या कुणाच्याही हातात देणार नाही.