बॉक्सरनं रिंगबाहेर राडा घातला तर फायदा की तोटा? ताई-दाजींसाठी मांडलेला हिशोब

गेल्या महिन्यात भाच्याचं एक रील गावभर फिरलं. विश्रामबागला एका मैदानाच्या गेटबाहेर दुसऱ्या क्लासच्या पोराच्या कपाळाला कपाळ लावून हा उभा, मागं चारपाच जणांचं टोळकं बोंबलतंय, वरनं ते ढॅणढॅण म्युझिक, आणि शेवटी धक्काबुक्की होऊन त्या पोराचा चष्मा खाली. सगळं मिळून 40 सेकंद. दाजींनी बघितलं आणि एका वाक्यात विषय संपवला, क्लास बंद. ताईचा मला फोन, "अरे तू बघतोस ना ते बॉक्सिंग, हेच शिकवतात का तिथं?" आणि पोरगं म्हणतंय, "मामा, असं केल्याशिवाय कोण ओळखतंय आपल्याला? तिकडं परदेशात सगळे करतात."

सगळे करतात हे खोटं, पण जे करतात त्यातल्या बऱ्याच जणांना पैसा मिळतो हे खरं आहे, ते नाकारून पोराला समजावायला गेलो तर ते आपल्यालाच येड्यात काढणार.

2012 चं बघा. म्युनिकमध्ये डेरेक चिसोरा आणि विटाली क्लिच्को या बॉक्सरची लढत. वजनाच्या वेळी चिसोरानं विटालीच्या थोबाडीत दिली, लढतीआधी त्याच्या भावाच्या तोंडावर पाणी थुंकला, आणि मग पॉइंटवर हरला. हरल्यावर प्रेस कॉन्फरन्स, तिथं मागं डेव्हिड हे नावाचा दुसरा बॉक्सर उभा (आडनावच हे आहे, मी काय करू), आणि बघताबघता दोघं एकमेकांवर, कॅमेऱ्याचे स्टँड हवेत, हेच्या स्वतःच्या कोचचं डोकं फुटलं. ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डानं चिसोराचं लायसन्स काढून घेतलं. संपला ना माणूस? कुठलं काय. पाच महिन्यांत लक्झेंबर्गच्या संघटनेकडनं लायसन्स आणून लंडनच्या अप्टन पार्कवर चिसोरा आणि हे या दोघांचीच लढत लावली आणि लोक स्टेडियमभर आले. पाचव्या राउंडला चिसोरा आडवा झाला ते सोडा, पण त्या राड्याशिवाय ती लढत कुणी मागितली असती का? मला तरी वाटत नाही.

माईक टायसनचं तर विचारूच नका. जानेवारी 2002 ला न्यूयॉर्कमध्ये लढतीच्या घोषणेलाच लेनॉक्स लुईसबरोबर मारामारी, मांडीला चावला, मग नेवाडा राज्यानं लायसन्स नाकारलं, आणि लढत मेम्फिसला न्यावी लागली. तरी अमेरिकेत जवळपास साडेएकोणीस लाख घरांनी पैसे भरून बघितली, त्या काळचा कमाईचा रेकॉर्ड. म्हणजे भाच्याचा मुद्दा आला की नाही?

आता दुसरी बाजू, आणि इथंच माझी गाडी अडते. एप्रिल 2017, वेम्बली, अँथनी जोशुआ आणि विटालीचा धाकटा भाऊ व्लादिमिर. दोघंही लढतीआधी एकमेकांबद्दल आदरानं बोलत होते, ना शिवी ना धक्का, पत्रकार कंटाळले असतील. 90 हजार माणसं आली. जोशुआ पाचव्यात पाडतो, सहाव्यात स्वतः पडतो, अकराव्यात संपवतो. अप्टन पार्कच्या किमान दुप्पट गर्दी, आणि ती कुणाच्या थोबाडीत न देता. मग राड्यानं नेमकं काय विकलं जातं? मला वाटतं जिथं लढतीत तेवढा दम नसतो तिथं राडा घालून तिकीट खपवावं लागतं. एका रात्रीचं गिऱ्हाईक मिळतं, पण त्यातले किती जण पुढच्या शनिवारी साध्या लढतीला येतात?

आणि ज्यानं राडा केला त्याच्या हातात काय राहतं तेही बघा. टायसन 30 कोटी डॉलरच्या वर कमावून 2003 ला दिवाळखोरीत गेला. 1992 ला बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तीन वर्षं आत होता, सुटून आला तर पहिल्याच लढतीला, जी 89 सेकंदांत संपली, लोकांनी पैसे मोजले. हे मला आजही पचत नाही. तोंड चालवणं वेगळं, मुहम्मद अली आयुष्यभर तोंड चालवत होता आणि ती युक्ती तो गॉर्जस जॉर्ज नावाच्या कुस्तीतल्या नौटंकीवाल्याकडनं शिकला होता (लोक तुला हरताना बघायला पैसे देतील, देऊ देत), पण कुणाच्या आयुष्याची वाट लावणं त्याच खात्यात घालायचं नाही.

पण हे सगळं प्रो, म्हणजे धंदेवाईक बॉक्सिंगचं झालं राव. आपलं पोरगं कुठाय? जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि नशीब असेल तर नॅशनल. तिथं तुमच्या राड्याला तिकीट काढणारा एक माणूस नसतो, फक्त शिक्षा करणारे असतात. आपली बॉक्सर सरितादेवी आठवते? 2014, इंचिऑनचे एशियन गेम्स, सेमीफायनलचा निकाल चुकीचा वाटला म्हणून ब्राँझ घालून घेतलं नाही, उलट जिंकलेल्या कोरियन मुलीच्याच गळ्यात घातलं, ढसाढसा रडत. कुणाला हात लावला नाही, शिवी दिली नाही. एक वर्षाची बंदी आणि 1000 स्विस फ्रँक दंड. ती बरोबर होती असं माझं मत आहे, पण बंदी झाली ती झालीच. तिकडं चिसोरा पाच महिन्यांत स्टेडियम भरतो आणि इकडं सरिता वर्षभर घरी, खेळ एकच.

आणि दाजींना एक सांगायचंय, खेळ खरा बुडवला तो पोरांनी नाही, कोटवाल्यांनी. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकनंतर तिथल्या सगळ्या 36 पंच-जजना बाजूला ठेवावं लागलं, 2019 ला ऑलिम्पिक कमिटीनं जागतिक बॉक्सिंग संघटनाच निलंबित केली, 2023 ला मान्यता काढली, आणि 2028 च्या लॉस एंजेलिसला बॉक्सिंग असणार की नाही हे मार्च 2025 पर्यंत लटकत होतं. आपली भारतीय संघटना पण 2012 ला निवडणुकीच्या घोळावरनं निलंबित. यातलं एक तरी प्रकरण रीलवर फिरलं का?

आता आपल्याकडचं. शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीत सुद्धा, आणि भाच्याच्या डोक्यात तेच आहे. क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते तशी चारित्र्य पडताळणीपण होते. त्या चष्मेवाल्या पोराच्या बापानं पोलीस स्टेशन गाठलं असतं तर मेडल घरात आणि नोकरी बाहेर. प्रोमध्ये जो राडा भांडवल ठरतो तो सांगलीत थेट कर्जच आहे.

म्हणून क्लास बंद करू नका असं मी ताईला सांगितलं. घरी बसवलं तर पोरगं ग्लोव्हज सोडेल, मोबाईल सोडणार नाही. त्यापेक्षा कोचला जाऊन भेटा, आणि एकच बघा, राडा करणाऱ्या पोराला तो रिंगबाहेर बसवतो का स्वतःच शूटिंग करत उभा असतो. दुसऱ्या प्रकारचा असेल तर क्लास बदला. आपल्याकडं कवठेपिरानच्या पैलवान मारुती मान्यांनी 1962 ला जाकार्ताच्या एशियन गेम्समधनं गोल्ड आणलं, गोळेश्वरच्या खाशाबांनी त्याच्या दहा वर्षं आधी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ, जत्रेच्या मैदानात आजही कुस्तीची जोड लागली की आधी हातात हात मग झटापट, आणि तरी हलगी वाजली की पाय ठेवायला जागा नसते. हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, कुस्तीचं वेगळं." असेल बाबा.

चष्म्याचे बाराशे रुपये भाच्याच्या नव्या ग्लोव्हजच्या पैशातनं गेले. मी त्याला आणि त्या चष्मेवाल्या पोराला, दोघांना घेऊन दुकानात गेलो होतो. दुकानदारानं वाकडी फ्रेम हातात घेऊन विचारलं, कसा काय तुटला? दोघं पण गप्प.