पावसाळ्यात लिहायचा शोधनिबंध: वर्ड की लाटेक?

कोकणात दरवर्षी १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि ३१ जुलैपर्यंत बंद राहते. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे दोन महिने म्हणजे लिखाणाचा हंगाम असतो, कारण बंदरावर मोजायला मासळीच नसते आणि वर्षभराच्या नोंदी एक्सेलमध्ये भरून झालेल्या असतात. या दिवसांत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, शोधपत्रिकेकडे पाठवायचा निबंध मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये लिहावा की लाटेक (LaTeX) या आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या प्रणालीत. विचारणाऱ्याने बहुधा लाटेकमध्ये जुळवलेला एखादा सुबक निबंध पाहिलेला असतो आणि आपलाही निबंध तसाच दिसावा, असे त्याला वाटत असते. एवढ्या कारणावर निर्णय घेऊ नये, असे माझे मत आहे. छापील निबंधाचे रूप शेवटी शोधपत्रिकाच ठरवते. आपण पाठवतो ती फाइल वाचण्यासाठी, खुणा करण्यासाठी आणि पुन्हा जुळवण्यासाठी असते. म्हणून मी विचारणाऱ्यालाच उलट विचारतो, की तुझ्यानंतर या फाइलवर कोणाकोणाचा हात फिरणार आहे?

दोन्ही साधनांचा पिंडच वेगळा आहे. १९८३ मध्ये आलेल्या वर्डमध्ये पडद्यावर दिसते तेच पान असते आणि मजकूर व मांडणी एकाच वेळी हाताळली जाते. लाटेकचा पाया असलेली टेक ही प्रणाली डोनाल्ड क्नुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहायला घेतली, ती स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून आलेल्या नाराजीतून. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले. यात लेखक साध्या मजकुराच्या फाइलमध्ये 'हे प्रकरण', 'हे समीकरण', 'हा संदर्भ' अशा आज्ञा लिहितो आणि फाइल कम्पाइल केल्यावर पान तयार होते. आज्ञेत एक कंस राहिला तर पान तयार होत नाही, आणि चूक कोणत्या ओळीत आहे हे सांगणारा संदेश नवख्याला पुष्कळदा चुकीपेक्षाही अवघड वाटतो.

आता फाइलवर फिरणाऱ्या हातांकडे येऊ. मत्स्यविज्ञान, फलोत्पादन, वनस्पतिशास्त्र या विषयांत मार्गदर्शक आणि सहलेखक जवळजवळ सर्व जण वर्ड वापरतात, आणि मार्गदर्शकांचा निरोप ठरलेला असतो: "वर्ड फाइल पाठव, ट्रॅक चेंजेस चालू ठेव." ट्रॅक चेंजेस ही सोय वर्डची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, असे मी मानतो. कोणी कोणते वाक्य खोडले, कोणता आकडा बदलला, समासात काय शंका लिहिली, हे सारे नावानिशी दिसते आणि एकेक बदल स्वीकारता किंवा नाकारता येतो. लाटेकमध्ये यासाठी लाटेकडिफ नावाचे साधन आहे. ते जुन्या आणि नव्या फाइलची तुलना करून बदल रंगीत दाखवते आणि समीक्षकांना सुधारित प्रत पाठवताना फार उपयोगी पडते. परंतु ज्या सरांनी लाटेकची फाइल कधी उघडलेलीच नाही, ते पीडीएफ छापून तिच्यावर लाल पेनाने दुरुस्त्या करतील आणि त्या तुम्हाला ओळीओळीने टंकित कराव्या लागतील. मी अशा दुरुस्त्या केल्या आहेत. त्यात दुरुस्तीपेक्षा अक्षर लावण्यातच अधिक वेळ गेला.

लाटेक वेळ वाचवते, हा दावाही तपासून पाहावा. जर्मनीतील गीसन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्लॉस वन या शोधपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात वर्ड व लाटेक वापरणाऱ्या नवख्या आणि अनुभवी अशा ४० जणांना सलग मजकूर, तक्ता असलेला मजकूर आणि समीकरणे असलेला मजकूर प्रत्येकी ३० मिनिटांत उतरवून काढायला दिला होता. सलग मजकुरात आणि तक्त्यात वर्डवाले पुढे राहिले, समीकरणांत लाटेकवाले सरस ठरले, आणि काम करताना आनंद मात्र लाटेकवाल्यांनी अधिक नोंदवला. या प्रयोगात केवळ उतरवून काढण्याचे काम होते; संदर्भ हलवणे, आकृत्यांचे क्रमांक बदलणे, महिनाभराने पुन्हा तीच फाइल उघडणे या गोष्टी त्यात आल्या नाहीत, आणि लाटेकचे खरे बळ नेमके तिथे असल्यामुळे मी त्या निष्कर्षाला अंतिम शब्द मानत नाही. तरीही 'लाटेक म्हणजे झटपट' हा समज सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

एक तक्ता जवळून पाहू. बांगड्याच्या लांबी-वजन संबंधाच्या निबंधात महिन्यानिहाय नर, मादी आणि एकत्रित अशा ओळी असतात, प्रत्येक ओळीत नमुन्यांची संख्या, दोन गुणांक, त्यांची ९५ टक्के विश्वासमर्यादा आणि सहसंबंध असतो, आणि महिन्याचे नाव तीन ओळींना मिळून एकदाच लिहायचे असते. वर्डमध्ये एक्सेलमधून हा तक्ता चिकटवला आणि खाने जोडले की काम दहा मिनिटांत होते. लाटेकमध्ये जोडलेल्या खान्यांसाठी वेगळ्या आज्ञा लागतात आणि पहिला तक्ता अख्खी संध्याकाळ खातो. मात्र विश्लेषण आर या भाषेत केले असेल, तर तोच तक्ता प्रोग्रामकडून थेट लाटेकच्या रूपात काढून घेता येतो, आणि नमुने वाढले की पुन्हा एकदा प्रोग्राम चालवणे एवढेच उरते. त्या दोन गुणांकांपैकी लांबीचा घातांक २.९८ चा टंकताना २.८९ होण्याची भीती तिथे राहत नाही. आणि वाढ सममितीय (लांबी, रुंदी, जाडी एकाच प्रमाणात वाढणारी) आहे की नाही हे घातांक ३ पासून किती दूर आहे यावरूनच ठरत असल्यामुळे ही चूक किरकोळ नव्हे.

त्याच निबंधात माशांची शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत असावी लागतात. बांगड्याच्या रास्ट्रेलिजर कानागुर्टा या नावापुढे क्यूव्हिए, १८१६ हे कंसात येते, कारण मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीनामाखाली (म्हणजे नावातला पहिला शब्द, जीनस, वेगळा असताना) झाले होते. तारलीच्या सार्डिनेला लाँगिसेप्स या नावापुढे व्हालेन्सिएन, १८४७ हे कंसाविना येते, कारण ते नाव मुळापासून तेच आहे. लाटेकमध्ये प्रत्येक नावासाठी एक छोटी आज्ञा एकदाच तयार केली की निबंधभर ते नाव एकसारखे उमटते. वर्डमध्ये हेच काम अक्षरशैली आणि 'शोधा व बदला' यांनी होते, पण ते लक्षात ठेवून करावे लागते, आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

संदर्भसूचीच्या बाबतीत दोन्ही साधने मला जवळजवळ बरोबरीची वाटतात, अट एवढीच की संदर्भ हाताने टंकू नयेत. माझ्या पहिल्या निबंधात मी ते हाताने टंकले होते. समीक्षकांनी सातव्या संदर्भानंतर आणखी एक संदर्भ घालायला सांगितला आणि पुढचे तीसहून अधिक क्रमांक मजकुरात व सूचीत बदलताना दोन क्रमांक चुकले, ते छापून आल्यावर मला दिसले. लाटेकबरोबर संदर्भसूची आपोआप बनवणारे बिबटेक १९८५ पासून आहे; वर्डसोबत त्याच कामाचे झोटेरो वापरता येते, जे २००६ मध्ये आले आणि विनामूल्य आहे. झोटेरोच्या शैलीसंग्रहात १०,००० हून अधिक संदर्भशैली आहेत, त्यामुळे एका शोधपत्रिकेने निबंध परत पाठवल्यावर दुसरीच्या शैलीत सूची बदलणे हे काही क्षणांचे काम आहे. पाठवण्याच्या प्रतीत मजकुरातल्या संदर्भांचे झोटेरोशी असलेले दुवे तोडण्यापूर्वी मूळ प्रत वेगळी ठेवावी, कारण तोडलेले दुवे पुन्हा जुळत नाहीत.

कोकणात आणखी एक मुद्दा येतो, जो पुण्या-मुंबईच्या सल्ल्यांत सापडत नाही. लाटेक शिकणारे बहुतेक जण ओव्हरलीफ या संकेतस्थळावर सुरुवात करतात. काहीही स्थापित करावे लागत नाही, सहलेखक त्याच फाइलवर काम करू शकतात आणि शोधपत्रिकांचे साचे तिथे तयार मिळतात, ही त्याची सोय खरी आहे. पण ते ब्राउझरमध्ये चालते, आणि आपला लिखाणाचा हंगाम नेमका वीज जाण्याचा हंगाम आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढे मोठे वादळ क्वचित येते, पण रात्रभर नेट नसणे ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. लॅपटॉपवरचा वर्ड बॅटरी असेपर्यंत चालतो. लाटेकही लॅपटॉपवर चालते, फक्त टेक लाइव्ह हा त्याचा पूर्ण संच काही जीबींचा असल्यामुळे तो मे महिन्यातच महाविद्यालयाच्या नेटवरून उतरवून घ्यावी. ओव्हरलीफच्या विनामूल्य खात्यात सहलेखकांच्या संख्येवर आणि कम्पाइल होण्याच्या वेळेवर मर्यादा आहेत, आणि बदलांचा मागोवा ठेवण्याची सोय पैसे भरणाऱ्यांनाच मिळते, हेही आधी माहीत असावे.

आकृत्यांबाबत वर्ड एक खोडी करतो. फाइल जतन करताना तो चित्रे आपोआप लहान करतो, सामान्यतः २२० पीपीआयपर्यंत (म्हणजे इंचाला २२० बिंदू), तर शोधपत्रिका छायाचित्रांसाठी निदान ३०० आणि रेषाचित्रांसाठी पुष्कळदा १००० डीपीआय मागतात. त्यामुळे मूळ चित्रे वेगळ्या फाइलींत जपावीत आणि तशीच वेगळी पाठवावीत. लाटेक चित्राला हात लावत नाही.

निबंध पाठवण्याच्या प्रणालीवर वर्डची फाइल चढवणे सोपे असते, तरी प्रणालीने बनवलेली पीडीएफ मंजुरी देण्यापूर्वी पानोपानी पाहावी, कारण समीकरणे आणि चिन्हे तिथे बदलतात. लाटेकच्या बाबतीत सर्व फाइली पुष्कळदा एकाच फोल्डरमध्ये, उपफोल्डर न करता ठेवाव्या लागतात, एखादी राहिली की प्रणाली थांबते. आपल्या फाइलमध्ये टक्केचिन्हामागे दडवलेल्या टिपा पीडीएफमध्ये दिसत नाहीत, पण मूळ फाइलबरोबर त्या प्रकाशकाकडे जातात. निबंध छापून येण्याआधीच सर्वांसाठी खुले ठेवण्याच्या अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर तर मूळ फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतो. समीक्षकाबद्दल मनात आलेले चार शब्द तिथे लिहून ठेवण्याची सवय असेल, तर ती पाठवण्यापूर्वी पुसून टाकावी. नावे झाकून समीक्षण होत असेल, तर वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले लेखकाचे नावही तितक्याच काळजीने काढावे.

या सगळ्यावरून माझा सल्ला असा आहे. मासळी, आंबा, काजू, कांदळवन, पक्षी यांवरचा निबंध असेल, समीकरणे चार-पाचच असतील आणि सहलेखक वर्डवाले असतील, तर वर्ड आणि झोटेरो घ्यावे, शीर्षकांना वर्डच्याच शैली द्याव्यात आणि ओळक्रमांक सुरू ठेवावेत. किनाऱ्याची धूप, लाटा, भरती-ओहोटी यांचे गणिती प्रारूप मांडायचे असेल, पानागणिक समीकरणे येत असतील, किंवा निबंध आधी अर्काइव्हवर ठेवायचा असेल, तर लाटेक शिकण्याचे कष्ट वसूल होतात. टेकमध्ये तयार झालेली पीडीएफ अर्काइव्ह स्वीकारत नाही, त्याला मूळ फाइलच लागते. निवडलेली शोधपत्रिका एकच प्रकार मागत असेल, तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे. म्हणून लेखकांसाठीच्या तिच्या सूचना आधी वाचाव्यात.

निम्मा निबंध लिहून झाल्यावर वाट बदलावीशी वाटली, तर पॅनडॉक हे विनामूल्य साधन मजकूर आणि साधी समीकरणे एका प्रकारातून दुसऱ्यात बऱ्यापैकी नेते. बांगड्याचा तो जोडलेल्या खान्यांचा तक्ता मात्र त्यातून सहीसलामत बाहेर येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. तो हाताने पुन्हा बसवावा लागतो, आणि प्रत्येक आकडा एक्सेलमधल्या मूळ नोंदीशी दुसऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेऊन ताडून पाहावा.