काविटचं अगिनाल्दोंचं घर : मनिलाला असाल तर अर्धा दिवस काढाच

मनिलाला कामानिमित्त येणारे आपले बरेच लोक इंट्रामुरोस (जुनं तटबंदीचं शहर), मॉल आणि एखादा बीच करून परत जातात, म्हणून मुद्दाम लिहितोय. कॅविटे प्रांतातल्या काविटला फिलिपिन्सचे क्रांतिनेते आणि पहिले राष्ट्राध्यक्ष एमिलियो अगिनाल्दोंचं घर आहे, आता सरकारी म्युझियम, तिकीट नाही, सोमवारी बंद. १२ जून १८९८ ला याच घराच्या खिडकीतून फिलिपिन्सचं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झालं, झेंडा फडकवला, हाँगकाँगला शिवून आणलेला. (आपल्याकडे तेव्हा टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते आणि दामोदर चापेकरांना फाशी होऊन दोन महिनेही झाले नव्हते, हे डोक्यात ठेवून बघा, फार वेगळं वाटतं.) सगळे जिथे फोटो काढतात ती बाल्कनी मात्र नंतर बांधलेली आहे.

घर एक नंबर आहे. लाकूडकाम बघत राहावं असं, जेवणाच्या खोलीत मान वर केली की छतावर देशाचा उठावदार नकाशा, कागदपत्रं आणि शस्त्रं लपवायचे चोरकप्पे, वर मनोरा. मागे बागेत स्वतः अगिनाल्दोंची समाधी. १९६४ ला ते गेले, वयाच्या ९४ व्या वर्षी, म्हणजे १९६२ ला सरकारने स्वातंत्र्यदिन ४ जुलैवरून (अमेरिकेने स्वातंत्र्य दिलं ती तारीख) परत १२ जूनला आणला तो त्यांनी डोळ्यांनी बघितला. हे मला सगळ्यात भारी वाटलं.

पण एक सांगतो, नुसतं झेंडा-खिडकी बघून निघू नका. पहिल्यांदा आम्हाला ज्या टूरवाल्याने नेलं त्याने फोटो काढायला लावले आणि लगेच गाडीत बसवलं, पुढची गोष्टच सांगितली नाही, आणि पुढची गोष्टच खरी महत्त्वाची आहे. स्पेनविरुद्ध अगिनाल्दो अमेरिकेला मित्र समजत होते आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन अख्खा देश अमेरिकेला देऊन टाकला, अगिनाल्दोंच्या सरकारला कोणी विचारलंही नाही. फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ अमेरिकी आणि फिलिपिनो सैन्यात गोळीबार सुरू झाला आणि दोनच दिवसांत तिकडे अमेरिकेच्या सिनेटने ५७ विरुद्ध २७ ने तह मंजूर केला, दोन तृतीयांशापेक्षा फक्त एक मत जास्त!

ती २७ मतं आणि त्यांच्यामागची माणसं वाचून जा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. बॉस्टनला १८९८ लाच साम्राज्यविरोधी लीग निघाली होती, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, समाजसेविका जेन ॲडम्स, कामगार नेते गॉम्पर्स, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी असे लोक. कार्नेगीने तर फिलिपिन्स मोकळं करायला स्वतःच्या खिशातून २ कोटी द्यायची तयारी दाखवली. लीगच्या एडवर्ड ॲटकिन्सनने मनिलातल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांना युद्धविरोधी पत्रकं पाठवली, ती सरकारने टपालातच अडवली. सगळ्यांची मनं स्वच्छ होती असं नाही, काहींना परक्या वंशाचे लोक आपल्या देशात नको म्हणूनही हे नको होतं. पण लेखक मार्क ट्वेन, जो १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात उतरून गेला होता, तो लीगचा उपाध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत राहिला.

१९०१ च्या मार्चमध्ये अमेरिकेने अगिनाल्दोंना पालानन गावात पकडलं ते कपटाने. अमेरिकी जनरल फन्स्टनने आपल्या बाजूच्या फिलिपिनो सैनिकांना क्रांतिकारकांचे कपडे घातले आणि स्वतः कैदी बनून निघाला, वाटेत अन्न संपलं, उपासमार व्हायला लागली तेव्हा निरोप पाठवून अगिनाल्दोंकडेच मदत मागितली, त्यांनी अन्न पाठवलं, ते खाऊन यांनी त्यांनाच पकडलं. ट्वेनचा संताप नेमका यावरच होता, ज्याने खायला घातलं त्याच्याशी असं वागायचं! त्या घरात फिरताना हे माहीत असेल तर प्रत्येक खोली वेगळी दिसते.

अगिनाल्दो देव नव्हते, क्रांतीतलेच दुसरे मोठे नेते बोनिफासियो यांना १८९७ ला झालेली मृत्युदंडाची शिक्षा त्यांनी आधी कमी केली आणि मग तो निर्णय मागे घेतला, आणि फिलिपिनो लोक त्यावर आजही वाद घालतात. तिथल्या कोणाशी बोलायचं असेल तर हा विषय काढाच, मोकळेपणाने बोलतात.

जायचं कसं तर स्वतःच जा, टूर नको. ग्रॅब (तिथलं टॅक्सी ॲप) करा नाहीतर पीआयटीएक्स टर्मिनलवरून बस बघा, सकाळी लवकर निघा म्हणजे ट्रॅफिक आणि ऊन दोन्ही कमी लागतं, आणि आत निदान दोन तास द्या. पाच पैकी पाच.