ब्रिटिश म्युझियम, लंडन : प्राचीन इस्राएलचा इतिहास बघायचा असेल तर नक्की जा (५ पैकी ५)

लंडनला आलेला आपला जवळजवळ प्रत्येक ग्रुप ब्रिटिश म्युझियममध्ये जातो, रोझेटा स्टोन, ममी, एक कॉफी आणि बाहेर. मी पहिल्यांदा गेले ती एका टूर कंपनीबरोबर, आणि त्यांच्या गाईडने आम्हाला असिरियाच्या (आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य) दालनातून अक्षरशः पळवत नेलं, म्हणे इथे नुसते दगड आहेत. अहो त्या दगडांवर हिब्रू राजांची नावं आहेत! तेव्हाच ठरवलं की परत यायचं आणि एकटीने यायचं. तसं केलंही, आणि आता हा रिव्ह्यू खास त्या लोकांसाठी लिहितेय ज्यांना जुन्या इस्राएल आणि यहूदा या दोन राज्यांचा इतिहास डोळ्यांनी बघायचाय.

आधी एक स्पष्ट सांगते. अब्राहाम, मोशे, तांबडा समुद्र यांचा पुरावा शोधायला जाणार असाल तर इथे काही हाती लागणार नाही. इस्राएल हे नाव जिच्यावर सगळ्यात आधी सापडलं ती मेर्नेप्ताह फारोची शिळा, साधारण इ. स. पू. १२०८ ची, ती कैरोला आहे. लंडनमध्ये जे आहे ते मुख्यतः राजांच्या काळातलं, म्हणजे इ. स. पू. नवव्या शतकापासून पुढचं, आणि मजा अशी की त्यातलं बरचसं शत्रूने लिहिलेलं आहे. असिरियाच्या राजांनी, बाबिलोनच्या (हेही आजच्या इराकमधलंच जुनं राज्य) कारकुनांनी. त्यांना या डोंगराळ मुलखातल्या छोट्या राज्यांचं काही कौतुक नव्हतं, कोणाला हरवलं आणि किती खंडणी आणली एवढाच त्यांचा हिशोब. म्हणूनच मला ते इतकं मोलाचं वाटतं, कारण बायबलमधली नावं जपायची त्यांना काही गरजच नव्हती आणि तरी ती नावं तिथे कोरलेली आहेत.

सुरुवात तळमजल्यावर असिरियाचा राजा शल्मनेसर तिसरा याच्या शिळेपासून करा, कुर्ख नावाच्या ठिकाणी सापडलेली. इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कर इथे असिरियाविरुद्ध बारीकसारीक राजे एकत्र आले त्या लढाईचं वर्णन आहे, आणि त्या यादीत इस्राएलचा अहाब, २००० रथ आणि १०,००० पायदळ. आकडे फुगवलेले असतील, असं बरेच अभ्यासक म्हणतात, पण नाव आहे. आता मी अलिबागकडची, त्यामुळे अहाब म्हटल्यावर मला लगेच बायबलमधला संदेष्टा एलीया आठवतो, कारण ज्याच्याशी एलीयाचं उभं वैर तो हाच अहाब, आणि आमच्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक, मलिदा नावाचा नैवेद्याचा विधी करतात तो एलियाहू हानबीच्या, म्हणजे याच एलीयाच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. लहानपणापासून कानावर पडलेल्या गोष्टीतला राजा असा क्यूनिफॉर्म, म्हणजे पाचरीसारख्या खुणांच्या अक्षरांत समोर उभा राहिला की काय वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत, मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते.

तिथून खोली क्रमांक ६ मधला काळा ओबेलिस्क. माणसापेक्षा उंच काळा दगड, चारही बाजूंनी चित्रांच्या पाच ओळी. वरून दुसरी ओळ बघा. एक दाढीवाला माणूस गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावतोय, तो येहू, इस्राएलचा राजा, नाहीतर त्याचा वकील तरी. साल इ. स. पू. ८४१. त्याच्यामागे टोकदार टोप्या घातलेली त्याची माणसं सोन्याचांदीची भांडी घेऊन रांगेत. इस्राएलच्या राजाचं आज उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं चित्र हेच मानतात, आणि बायबलमध्ये या खंडणीचा उल्लेखच नाहीये! ज्याने मोठ्या आवेशात अहाबचं सगळं घराणं कापून काढलं तो इथे नाक घासतोय, आणि वर असिरियावाल्यांनी त्याला त्याच घराण्याचा मुलगा म्हणून नोंदवलंय. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि बाजूने काढा, कोरीव काम उठून दिसतं.

आणि मग १० ब. मला विचाराल तर अख्खं म्युझियम एका बाजूला आणि ही खोली एका बाजूला. असिरियाची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यातल्या भिंती आहेत या, लेयार्ड या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उकरून काढलेल्या, आणि त्यांच्यावर लाखीश शहराचा वेढा कोरलाय, इ. स. पू. ७०१. लाखीश म्हणजे यहूदा राज्यातलं जेरुसलेमनंतरचं महत्त्वाचं शहर. असिरियाचा राजा सन्हेरीब याने मातीदगडांचा उतार रचून त्यावरून तट फोडायचे गाडे वर चढवले, वरून लोक पेटते पलिते टाकतायत, आणि गाड्यातून एक असिरियन सैनिक लांब दांड्याच्या पळीने आगीवर पाणी ओततोय. ती पळी नक्की शोधा. हा उतार लाखीशला आजही आहे, उत्खननात निघाला, म्हणजे शिल्पकाराने मनाने काही रचलेलं नाही. उजवीकडे सरकत गेलं की शहरातनं हाकललेले लोक दिसतात. बैलगाडीवर बायका नि पोरं बसलीयत, गाठोडी लादलीयत, आणि बैलाच्या बरगड्या मोजता येतील इतक्या कोरल्यात. बाया डोक्यावरून पायापर्यंत लांब वस्त्र घेतलेल्या, खांद्यावर पिशव्या. कोणाला सोलतायत, कोणाला खांबावर चढवलंय, लहान मुलं बरोबर असतील तर आधी स्वतः बघून घ्या. शेवटी राजा सिंहासनावर बसलाय आणि लूट त्याच्यापुढून चाललीय, वर तसं लिहिलंयसुद्धा. पण त्या राजाचा चेहरा कोणीतरी मुद्दाम फोडलाय, बहुतेक इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे पडलं तेव्हा. मला तर हेच सगळ्यात बोलकं वाटलं.

याच स्वारीचा दुसरा कागद, म्हणजे मातीचा, वरच्या मजल्यावर ५५ नंबरला आहे. टेलर प्रिझम, सहा बाजूंचा, साधारण ३८ सेंटीमीटर उंच. सन्हेरीब म्हणतो मी यहूदाचा राजा हिज्कीया याची ४६ तटबंदी शहरं घेतली आणि त्याला जेरुसलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडला. कोंडला म्हणतो, घेतलं म्हणत नाही! एवढा बढाईखोर राजा, जेरुसलेम घेतलं असतं तर राजवाड्याच्या भिंतीवर लाखीश कशाला कोरलं असतं, जेरुसलेमच कोरलं असतं ना. खंडणीचं सोनं बायबलमध्येही ३० टॅलेंट (वजनाचं जुनं माप) आणि इथेही ३०, चांदीत मात्र फरक, तिकडे ३०० इकडे ८००. दोन शत्रूंच्या वह्या इतक्या जुळाव्यात, कमाल वाटते.

त्याच भागात बाबिलोनच्या बखरीची एक मातीची पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी, लोक तिच्याकडे न बघता पुढे जातात. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने त्यांच्या अदार महिन्याच्या दुसऱ्या तारखेला यहूदाचं शहर, म्हणजे जेरुसलेम, घेतलं, राजाला धरलं, आपल्या मर्जीचा राजा बसवला. तारीख काढली तर इ. स. पू. ५९७ चा १६ मार्च येतो. प्राचीन इतिहासात दिवसापर्यंत पोचणारी नोंद मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्यानंतर दहाएक वर्षांत जेरुसलेमचं मंदिर जाळलं गेलं आणि लोक बाबिलोनला नेले गेले, ती हकिकत या पाटीत नाही, पाटी त्याआधीच संपते.

लेव्हंटच्या (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा प्रदेश) दालनात, म्हणजे ५७ च्या आसपास, लाखीशची पत्रं बघायला विसरू नका. फुटक्या मडक्याच्या खापऱ्या, त्यावर शाईने जुन्या हिब्रू अक्षरांत एका सैनिकी अधिकाऱ्याने आपल्या वरिष्ठाला लिहिलेलं, बाबिलोनची फौज येत असतानाच्या दिवसांतलं. १९३५ मध्ये सापडली. एकात तो लिहितो की तुमचा सेवक कोण, एक कुत्रा, त्याची धन्याने आठवण काढावी? इतका वेळ शत्रूचंच ऐकत आलेलो असतो ना आपण, इथे पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, तोही राजाचा नाही, साध्या नोकरीतल्या माणसाचा.

शेवटी ५२ मध्ये इराणचा राजा सायरस याचा मातीचा सिलिंडर. तो २०१३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता, आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. इ. स. पू. ५३९ मध्ये बाबिलोन घेतल्यावर सायरसने हे लिहवून घेतलं. गाईड लोक सर्रास सांगतात की यात ज्यूंना घरी पाठवल्याचं लिहिलंय. तसं नाहीये, यात यहूदाचं नावही नाही. देवांच्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या देवळात परत पाठवल्या आणि लोकांना आपापल्या जागी नेलं असं सर्वसाधारण धोरण आहे, त्यात ज्यूंची परतणी चपखल बसते, एवढंच. पण एवढंही कमी नाही.

व्यवहाराचं सांगायचं तर प्रवेश फुकट आहे, तरी वेबसाईटवर वेळेचं तिकीट आधीच घ्या म्हणजे रांग कमी लागते. चाकांची मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. होलबर्न किंवा टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी शाळांच्या सहली गेलेल्या असतात त्यामुळे १० ब मध्ये निवांत बसता येतं, म्हणून शुक्रवारच धरा. वस्तू कधीकधी दुसऱ्या देशात प्रदर्शनाला जातात, तर जायच्या आधी वेबसाईटवर एकदा शोधून बघा. सगळं नीट बघायला अख्खी दुपार लागते, आणि वेळ कमी असेल तर बाकी सोडा पण काळा ओबेलिस्क आणि लाखीश सोडू नका, दोन्ही तळमजल्यावरच आहेत.