गाडीची वीज: घरचे मीटर की वेगळी जोडणी?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडी रात्री चार्ज करायची, तर केबल घरच्या मीटरवरून खाली आणावी की गाडीपुरती वेगळी जोडणी घ्यावी, हे आधीच ठरवलेले बरे. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत मी दोन्ही वापरून पाहिले आहे.

रात्रीची वीज स्वस्त पडते, या समजुतीने पुष्कळजण घरच्या मीटरवर समाधान मानतात. घरगुती दरात मात्र रात्रीची सवलत नाही. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिलेली सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेची आहे आणि नोकरदाराची गाडी त्या वेळी बहुधा ऑफिसच्या आवारात असते. त्यातून घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत. घरात महिन्याला २५० युनिट लागत असतील आणि हजारेक किलोमीटरसाठी गाडीने दीडशे घेतले, तर त्यांतले शंभर युनिट थेट ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात मोजले जातात, मग ते दुपारी वापरा की पहाटे.

वेगळ्या जोडणीला इलेक्ट्रिक वाहनांच्या वर्गाचा दर लागतो. त्यात टप्पे नाहीत आणि आकारणी वेळेनुसार होते. वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. पुढच्या आदेशांत हे तास आणि रकमा बदलत आल्या आहेत, तेव्हा चालू दरपत्रक पाहूनच हिशेब करावा. संध्याकाळचा जादा आकार टाळण्यासाठी मी टायमर मध्यरात्रीनंतरचा ठेवतो. कळवा-मुंब्रा भागात वितरण टोरंट पॉवरकडे असले तरी दर हेच आहेत.

वेगळी जोडणी घेण्याचा माझा निर्णय मात्र दरावरून झाला नाही. घरच्या मीटरवर गाडी चालू, दोन खोल्यांत एसी चालू, आणि पहाटे कोणी गिझर लावला की तळमजल्यावरच्या मीटररूममधला एमसीबी, म्हणजे भार जादा झाला की आपोआप बंद होणारा खटका, पडत असे. सगळे घर अंधारात, मग लिफ्टने खाली जाऊन वॉचमनकडून किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा आणि तो खटका वर करायचा. वीज परत आली तरी चार्जिंग आपोआप सुरू होईलच याचा भरवसा नसे, आणि सकाळी निघताना बॅटरी अर्ध्यावरच असे. मंजूर भार (जोडणीवर एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा) वाढवून घेतला असता तर कदाचित हा त्रास मिटला असता, पण टप्प्यांचा प्रश्न तसाच राहिला असता.

वेगळ्या जोडणीलाही कटकटी आहेत. आमच्या समितीने ना-हरकत पत्रापूर्वी केबलचा मार्ग आखून मागितला, मीटररूमपासून पार्किंगपर्यंतच्या केबलचा खर्च आपल्यालाच करावा लागतो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी स्थिर आकार भरावाच लागतो. ज्यांची गाडी फक्त शनिवार-रविवारी निघते, त्यांना घरच्या मीटरवरचा १५ अँपिअरचा, नीट अर्थिंग केलेला पॉइंट पुरेसा ठरावा. रोज ठाण्याहून वाशी-बेलापूरला जाणाऱ्याने मात्र, माझ्या मते, वेगळ्या मीटरचाच अर्ज करावा, आणि त्याआधी इलेक्ट्रिशियनला मीटररूम ते पार्किंग अशी चक्कर मारायला लावून केबलची लांबी प्रत्यक्ष मोजून घ्यावी.