पैठण, गौताळा की आपलं शिवार? गावी परतलेल्या, कॅमेरा बाळगणाऱ्या घरासाठी

पुण्या-मुंबईहून मराठवाड्यात परत आलेल्या ओळखीच्या लोकांकडून एक प्रश्न सारखा येतो. कॅमेरा आहे, रविवार मोकळा आहे, आई-वडील आणि पोरं आता एकाच घरात आहेत, मग जायचं कुठं? आणि पैसे एकाच लेन्सपुरते असतील तर कोणती घ्यायची? मी परत आल्यापासून पैठणचा नाथसागर, कन्नडजवळचं गौताळा आणि आमचं शिवार, तिन्हीकडे घरच्यांना घेऊन फोटो काढते. संभाजीनगर किंवा जालन्याकडं राहणाऱ्याला यातलं कोणतंही ठिकाण सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगते: गाडीत कोण कोण बसणार हे आधी बघा, लेन्सचं नंतर.

नाथसागर: हिवाळ्यातला, म्हाताऱ्या माणसांना झेपणारा

जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं आणि मागं साधारण ३५० चौरस किलोमीटरचं पाणी पसरलं. १९८६ मध्ये त्याचं पक्षी अभयारण्य झालं. पाणी बऱ्याच भागात उथळ आहे, म्हणून बदकं, करकोचे, बगळे इथं रमतात. दिवाळी झाली की पाहुणे यायला लागतात. चक्रवाक येतो, तलवार बदक येतं, हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. रोहित पक्ष्यांचे थवे नशिबात असले तर दिसतात. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी पक्षी पांगतात आणि लांब बसतात. पाणी उतरून गाळपेराची जमीन उघडी पडली की चिखलात किडे शोधायला शेकाटे आणि तुतवार काठाशी येतात. म्हणून माझी पसंती डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीला.

पाणी पैठणच्या पश्चिमेला आहे. त्यामुळं पैठणच्या बाजूनं सकाळी काठावर उभं राहिलं की ऊन पाठीमागून पक्ष्यावर पडतं. दहा वाजायच्या आत काम उरकायचं, कारण नंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते आणि कितीही भारी लेन्स असली तरी पिसं स्पष्ट येत नाहीत. इथं ६०० मिमीपर्यंत जाणारी, लांबचं जवळ आणणारी लेन्स लागतेच. असली १५०-६०० लेन्स दोन किलोच्या आसपास भरते, हातात धरून तासभर उभं राहवत नाही. गाडीच्या काचेवर ज्वारीची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. गाडीला पक्षी माणसाइतके बुजत नाहीत, त्यामुळं हे आडोशाचंही काम करतं.

घरच्यांसाठी पैठणसारखी सोय दुसरीकडं नाही. साडेनऊपर्यंत काठ, मग नाथांच्या समाधीचं दर्शन, मग डबा. आईला दर्शन झालं की तिच्यासाठी दिवस सोन्याचा, आणि चालायचंही फार नाही. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीच्या गर्दीत मात्र फोटोचा बेत करू नका, तेव्हा वारीसाठीच जा. अडचण लहान पोरांची आहे. पक्ष्यांसाठी गप्प बसावं लागतं आणि सहा वर्षांचं पोर पंधरा मिनिटांत कंटाळतं. त्याच्या हातात दुर्बीण द्या. तरीही इथं पोरगं तुम्हाला फोटो काढताना बघतं, स्वतः काढत नाही.

गौताळा: पावसाळ्यातलं, पोरांचं

इथं चित्र उलटं होतं. सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांतलं हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य १९८६ मध्येच जाहीर झालं. जुलै ते ऑक्टोबर हे इथले खरे दिवस. बिबट्या आहे, पण त्याच्या आशेनं येऊ नका. मान खाली घालून चाला. ओल्या लाकडावरची बुरशी, पानाखालचा बेडूक, जाळ्यावर थेंब घेऊन बसलेला कोळी, हे सगळं हातभर अंतरावर असतं. १०० मिमीच्या आसपासची मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी लेन्स असेल तर उत्तम, आणि पोराच्या हातातल्या मोबाईललाही हे जमतं. माझा भाचा पोटावर झोपून बुरशीच्या एका छत्रीचे फोटो काढत बसला होता, हाक मारूनही उठेना. नाथसागरावर असं होणं अवघड.

झाडाखाली उजेड कमी असतो, त्यामुळं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायची तयारी ठेवा. पितळखोऱ्याची प्राचीन लेणी याच परिसरात आहेत, पण तिथं पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथं नेऊन वर एकटं बसवून ठेवणं मला पटत नाही. पावसाळ्यात कन्नडच्या घाटात वाहनं अडकतात, श्रावणातल्या रविवारी गर्दी होते. शनिवार मिळत असेल तर तो घ्या. वनखात्याच्या नाक्यावरच्या वेळा आदल्या दिवशी विचारून निघा.

शिवार: रोजचं

परत आलेल्या माणसाकडं जे आहे ते शहरातल्या फोटोग्राफरकडं नाही, आणि त्याचीच किंमत सगळ्यात कमी केली जाते. आमच्या विहिरीवर बाभूळ वाकलेली आहे. पावसाळा लागला की तिच्यावर सुगरणीची वसाहत बसते. नर उसाच्या, बाजरीच्या पात्याला कडेनं चावा घेतो आणि उडता उडता लांब पट्टी फाडून नेतो. घरटं अर्धं, टोपीसारखं झालं की त्याला उलटा लटकून पंख फडफडवतो. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडलं तरच पुढं नळी विणली जाते. नापसंत घरटी तशीच लोंबकळत राहतात. हे सगळं बाजेवर बसून दिसतं. वडील शेजारी बसतात, कोणत्या साली विहीर तळाला गेली ते सांगतात, आणि त्यांच्याशी इतकं बोलणं शहरातून फोनवर कधीच झालं नव्हतं.

पौषात हुरडा आला की भोरड्या येतात. शेकडो पक्षी एकदम वळतात, उन्हात गुलाबी चमकतात, पुन्हा काळे होतात. आगटीभोवती सगळं घर जमलेलं असतं, म्हणजे फोटोही आणि माणसंही एकाच जागी. पण भोरड्या जी कणसं फोडतात ती आपल्याच ज्वारीची असतात. गोफण घेऊन उभ्या असलेल्या चुलत्याला "थांबा, एक फोटो" म्हणताना हे लक्षात असू द्यावं.

माळावर काळवीट, धुऱ्यावर होला, तारेवर नीलपंख, सांजेला आंब्याच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा. यांना ७०-३०० मिमीची लेन्स पुरते. रोज संध्याकाळी अर्धा तास मिळतो, आणि तोच पक्षी रोज पाहिला की तो कधी उडणार हे कळायला लागतं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की मागं फिरा. घरट्याची जागा कुणाला कळवू नका, आणि उडतानाच्या फोटोसाठी थव्यावर खडा तर कधीच मारू नका. अभयारण्यात पहारा आहे, शिवारात आपणच आहोत.

मग निवड कशी करायची?

घरात सत्तरीच्या पुढची माणसं असतील तर हिवाळ्यातले रविवार नाथसागराला द्या. पोरं आठ-दहा वर्षांची असतील आणि आजी-आजोबा घरी थांबायला राजी असतील तर पावसाळ्यात गौताळा. मी पैसे मात्र शिवाराच्या हिशेबानं घालीन: आधी ७०-३००, एक पूर्ण वर्ष तिच्यावरच. ६०० मिमीची लेन्स ओळखीच्या फोटोग्राफरकडून एका सकाळीपुरती मागून पैठणला नेऊन बघा. तिचं वजन आणि घरच्यांचा धीर दोन्ही कळेल. मॅक्रोचा निर्णय पोरांवर सोडा, त्यांना मोबाईल अपुरा वाटायला लागला की घ्या.

बीडकरांनी गौताळ्यापर्यंत येण्याआधी पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य बघावं. ते १९९४ पासून आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं, आणि पावसाच्या तोंडावर तिथं मोर पिसारा फुलवतात. धाराशिवकरांना येडशी-रामलिंग घाट जवळ आहे. देवदर्शन आणि जंगल एकत्र असल्यानं तिथं आईलाही नेता येतं.