परळच्या टाटा मेमोरियलमधील अस्थिकर्करोग विभाग : आमचा अनुभव

माझ्या 19 वर्षांच्या पुतणीची नडगी वर्षभर ठणकत होती आणि पुढच्या बाजूला हाडावर लहानसा उंचवटा आला होता. उपनगरातील एका दवाखान्यात बायोप्सी झाली, ‘फायब्रस डिस्प्लेसिया, कर्करोग नाही’ असा अहवाल हाती पडला आणि घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. उंचवटा मात्र वाढतच गेला, तेव्हा आम्ही परळ गाठले.

तेथील डॉक्टरांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला आणि बाहेरच्या बायोप्सीच्या स्लाइड व मेणाचे ब्लॉक (ज्यांत काढलेला तुकडा जपून ठेवतात) आणायला सांगितले. माझ्या मते या विभागाचे खरे मोल येथेच कळते. ब्लॉकमधून नवे काप घेऊन केरॅटिनची (त्वचेसारख्या पेशींतल्या प्रथिनाची) चाचणी केली, तेव्हा एरवी हाडात नसणाऱ्या, त्वचेसारख्या अस्तरात आढळणाऱ्या जातीच्या पेशी दिसल्या आणि निदान झाले अ‍ॅडमँटिनोमा. हाडात उगम पावणाऱ्या कर्करोगांत याचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी असून तो बहुधा नडगीच्या हाडातच होतो. (नावाचा संबंध दातांच्या एनॅमलशी असल्याने माझ्या भावाने आदल्या रात्री दातांचीच माहिती वाचून काढली होती.)

या आजारावर केमोथेरपीचा फारसा उपयोग होत नाही, गाठ भोवतालच्या निरोगी भागासह पूर्ण काढणे हाच मुख्य उपचार, हे आम्हाला साध्या मराठीत आणि घाई न करता समजावले गेले. जुन्या बायोप्सीच्या सुईच्या वा छेदाच्या वाटेत गाठीच्या पेशी राहिलेल्या असू शकतात, त्यामुळे तो मार्गही त्वचेसकट काढावा लागला, म्हणूनच बायोप्सी जेथे शस्त्रक्रिया व्हायची तेथेच करावी, हे आम्हाला उशिरा कळले. नडगीचा बाधित तुकडा काढून, त्यावरची गाठ साफ करून, मुलगी टेबलावर असतानाच उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी त्याला 50 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोत्सार दिला आणि तेच हाड प्लेट व स्क्रूंनी पुन्हा जागेवर बसवले. पाय वाचला, गुडघा आणि घोटा तिचे स्वतःचेच राहिले.

पहिल्या भेटीला पूर्ण दिवस हाताशी ठेवावा आणि जुने एक्स-रे, एमआरआय सोबत न्यावेत. पुतणी सध्या कुबड्या घेऊन चालते, कारण हाडाची दोन्ही टोके जुळायला बरेच महिने लागतात. हा आजार अनेक वर्षांनीही फुप्फुसात उद्भवू शकत असल्याने छातीची तपासणी मात्र पुढेही चालू राहणार आहे.